एजंटांसाठी लिहिणाऱ्या बाई

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना फाटकाबाहेरच उभं ठेवलं होतं.

"काय काम करता?" मी विचारलं.

"लिहिते."

"कोणासाठी?"

"एजंटांसाठी."

मी फाटक धाडकन लावून घेतलं. आमच्या चौलात एजंट म्हटलं की कुत्रीसुद्धा उठून बसतात. वाडी विकता का, बाग विकता का, विहिरीला पाणी किती, गच्चीतून समुद्र दिसतो का. दर शनिवार-रविवारी एक तरी गॉगलवाला दारात असतोच. त्यांच्या वतीनं लिहायला आता वेगळं माणूस ठेवलंय म्हणजे हद्द झाली.

बाहेरून आवाज आला, "काका, हा एजंट माणूस नाही."

"आजवर आलेल्यांतला एकही न्हवता," मी आतून ओरडलो.

बाई हसल्या नाहीत. फटीतून बघितलं तर त्या वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. पुढं कळलं की त्यांनी माझंच वाक्य लिहून घेतलं होतं. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की त्या असं टिपून ठेवत. मला वाटलं, पोलिसांत देणार.

खोली मला द्यायचीच होती. माझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मुलगा कामोठ्याला असतो. त्यानं दोनच रस्ते ठेवले होते, एक तर आमच्याकडे या, नाहीतर घरात कोणीतरी माणूस ठेवा. मला कामोठ्याला जायचं नव्हतं. सून वाईट असती तर सांगायला कारण तरी होतं. ती चांगली आहे, हीच अडचण. चौथ्या मजल्यावर ती मला खुर्चीत बसवणार, मऊ भात देणार, टीव्ही लावून देणार, आणि मी हळूहळू त्या खुर्चीचाच एक पाय होणार. मी होड्या बांधणारा सुतार. शिक्षण चौथी, तेही मास्तरांना दया आली म्हणून. लाकडाशिवाय आणि या घराशिवाय मला काही कळत नाही. लाकडाच्या होड्या बंद झाल्या. घर तेवढं राहिलं होतं.

म्हणून माळ्यावरची खोली बाईंना दिली.

पंचावन्नच्या आसपासच्या असतील. डोंबिवलीच्या, बंदरावरच्या बर्फाच्या गोदामाचं काम मिळालं म्हणून इकडे आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अटी स्पष्ट नव्हत्या." अंबाड्यात पेन्सिल खोचायच्या, ती विसरायच्या, दुसरी खोचायच्या. संध्याकाळी जिना उतरून येताना डोक्याचं साळिंदर झालेलं असायचं.

'जरा', 'थोडं', 'लवकर' हे शब्द त्यांना चालत नसत. "बाई, थोडा चहा घेता का?" म्हटलं की, "थोडा म्हणजे कुठपर्यंत?" शेवटी त्यांनी कपाला नखभर लाल रंग लावून रेघ मारली. "जरा थांबा" म्हटलं की घड्याळ बघत. मी मोटर दुरुस्त करणाऱ्याची आठवडाभर वाट बघत होतो. तो रोज फोनवर "आलोच" म्हणायचा. बाईंनी फोन हातातून घेतला आणि विचारलं, "आलोच म्हणजे निघालात, की निघण्याचा विचार केलात?" तो माणूस तासाभरात आला. आल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "कलेक्टर हायत काय?"

बाहेर पडताना त्या 'येते' म्हणत नसत. सरळ 'जाते' म्हणत. शेजारची वहिनी, जिला सगळी आळीच वहिनी म्हणते, ती कुंपणापलीकडून कपाळाला हात लावायची.

"अगो बाय, जाते काय म्हनतेस? येते म्हन!"

"पण मी येत नाहीये. जातेय."

"मग येनार न्हाय का तू?"

"साडेपाचला येणार आहे. तेव्हा म्हणेन की येते."

आणि खरंच, साडेपाचला फाटक उघडताना मोठ्यानं म्हणत, "येते!" वहिनीनं नंतर नाद सोडला.

त्यांचं काम समजायला मला दीड महिना लागला. जे समजलं ते असं. कुठं कारखान्यात पंप बंद पडतो, कुठं बर्फाच्या गोदामात गारवा कमी होतो, की कॉम्प्युटरवर बोंब उठते. त्या बोंबेला अलर्ट म्हणतात. पूर्वी तिथं माणूस बसलेला असायचा. बोंब खरी की खोटी ते तो बघायचा, कोणाला उठवायचं आणि कोणाला झोपू द्यायचं ते ठरवायचा. आता त्या जागी एआय बसवतात. त्यालाच एजंट म्हणतात. त्याच्या हाताशी अवजारं असतात. एक फोन लावायचं, एक निरोप धाडायचं, एक 'बघितलं बरं का' असं कळवायचं, एक बोंब बंद करायचं. हे अवजार कधी उचलायचं, कधी नाही, उचललं तर काय होतं, याचा प्रत्येकाबरोबर एक कागद लागतो. तो कागद बाई लिहायच्या. यंत्र हुशार असतं, पण आपल्यातलं त्याला काही माहीत नसतं. कागदावर असेल तेवढंच.

मी म्हणालो, "त्यात काय मोठं. नवा माणूस कामाला आला की मी त्याला पटाशी दाखवायचो. पटाशीनं लाकूड तासायचं, ते त्याला दिसतंच. सांगावं लागतं ते एवढंच, की हिनं रंगाचा डबा उघडायचा न्हाय."

बाई जेवता जेवता थांबल्या. "परत म्हणा."

परत म्हणालो. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक कागदाची पहिली ओळ, अवजार कशासाठी वापरायचं नाही, अशी व्हायला लागली. मी आळीभर सांगत सुटलो, की एआय माझ्या पटाशीवर चालतंय. कोणी ऐकून घेतलं की मी असाच फुगतो. फुग्याला भोक पडलं की तो बसतो तरी, माझं तसंही होत नाही.

कागद लिहून झाला की त्या मला वाचायला लावायच्या. "तुम्हाला कळलं म्हणजे त्याला कळेल," म्हणायच्या. हा माझा मान होता की अपमान, ते अजून ठरलेलं नाही. एकदा त्यांनी चाचणी म्हणून आमच्याच मोटरचा कागद केला. "हिरवं बटण दाबा. टाकीत पाणी पडू लागल्याची खात्री करा." मी बटण दाबलं. टाकी मागच्या बाजूला. बोट बटणावर आणि मान वळवून मी टाकी दिसते का बघतोय. दिसेना. पाच मिनिटं तसाच वाकडा उभा. वहिनीनं कुंपणावरून विचारलं, "भावजी, शॉक बसला काय?" बाईंनी वरून बघितलं आणि टाळ्याच वाजवल्या. "बोट काढा असं मी लिहिलंच नाही! काका, तुम्ही हिरा आहात!" लोकांना वाटलं मी मुद्दाम केलं. मीही तसंच सांगतो. पण खरं म्हणजे बोट काढायचं मला सुचलंच नव्हतं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "आणि नाही झालं तर?" यंत्रानं फोन लावला. आणि नाही लागला तर? लागला, आणि समोरच्यानं उचलला नाही तर? उचलला, आणि झोपेत 'हो हो' म्हणून ठेवला तर? आळीतली माणसं त्यांना माघारी 'नाही झालं तर बाई' म्हणायची. "हाक मारणं सोपं आहे काका," त्या म्हणायच्या. "कोणाला मारायची आणि कोणाला नाही, ते अवघड."

सात महिन्यांनी काम संपत आलं. बाई परत जाणार म्हणजे घरात कोणी नाही, म्हणजे मी कामोठ्याला. मुलानं सुनेच्या शिवणयंत्राची जागा माझ्या कॉटसाठी मोकळी केल्याचं सांगितलं, तेव्हा माझी दोन दिवस अन्नावरची वासना गेली. बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "तुमच्यासाठी एक एजंट लावून देते. दिवसातून तीनदा फोनवर तुमची विचारपूस करील. काही बिघडलं तर हाक मारील. परवाच सुरू करू, म्हणजे मी असतानाच कळेल कसं चालतं."

मुलगा हो-नाही करत तयार झाला. पण अट घातली. "महिनाभर बघतो बाबा. एकदा जरी गडबड झाली, तरी सामान बांधायचं."

अवजारं तीन. एक हाक वहिनीला, एक मुलाला, एक रुग्णवाहिकेला. आणि बाई माझ्यासमोर पेन्सिल घेऊन बसल्या.

"तुम्ही दिवसातून 'मेलो' किती वेळा म्हणता?"

"मी कशाला म्हनू?"

"काल मी मोजलं. अकरा वेळा. बसताना, उठताना, चहा गरम लागला तेव्हा. एकदा काहीच कारण नव्हतं."

कागदावर आलं, 'मेलो' ऐकल्यावर कोणालाही हाक मारू नये. 'जीव गेला', 'वाट लागली', 'कंबर गेली' यांनाही तेच. अख्खा कागद वाचून मी शेरा दिला, फस्क्लास. त्यातच पुढं एक ओळ होती, 'पडलो, पडलोय' असं ऐकल्यास तिन्ही हाका ताबडतोब. म्हातारं माणूस पडणं ही सगळ्यात मोठी भीती, म्हणून ती ओळ ठळक केली होती. मी वाचली आणि मान हलवली. मला काही खटकलं नाही.

नवव्या दिवशी बाई प्रिंटरच्या शाईसाठी अलिबागला गेल्या होत्या. दुपारी कोलंबीचं कालवण आणि भात जास्त झाला. मी कॉटवर आडवा झालो. डोळे मिटतायत एवढ्यात गळ्यातल्या पिशवीतून फोन बोलला, बातम्या देतात तसल्या शुद्ध आवाजात.

"काका, काय करताय?"

"पडलोय."

"कुठे पडलात?"

"कॉटवर. दुसरं कुठं पडनार?"

"काका, लागलं का?"

"लागलाच होता डोळा, तेवढ्यात तुझं सुरू झालं."

यंत्राला जे कळायचं ते कळलं. म्हातारा कॉटवरून पडलाय आणि डोळ्याला लागलंय. पहिली आली वहिनी, हात माशांच्या खवल्यांनी भरलेले. तिच्या मागून तिचा नवरा, त्यानं फाटक सोडून कुंपणावरून उडी मारली आणि स्वतःचाच गुडघा फोडून घेतला. वीस मिनिटांत रुग्णवाहिका. आतली दोन माणसं डोळ्याची पट्टी हातात घेऊन धावत आली, तर मी चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, पोटावर हात ठेवून उताणा.

"पेशंट कुठाय?" एकानं विचारलं.

वहिनीनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आता ह्यांनाच करा मलमपट्टी. येवढे आलायत तर."

मुलगा अडीच तासांनी पोचला, कामावरून तसाच. आधी मला वरून खालपर्यंत बघितलं, मग पडवीत बसला आणि म्हणाला, "बास झालं बाबा. रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे तेवढे भरा."

बाई तेवढ्यात अलिबागहून परतल्या. त्यांना सगळं कळेपर्यंत मी चांगलाच तापलो होतो. रविवार माझ्या डोळ्यांसमोर नाचत होता.

"एवढं शिकलेलं यंत्र," मी ओरडलो, "आनि पडलोय म्हंजे काय ते कळत न्हाय? आळीतलं शेंबडं पोर सांगेल! पडलोय म्हंजे आडवा झालोय!"

"आणि जमिनीवर पडलेला माणूस काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"तो पन म्हनेल... पडलोय."

"मग तुम्ही कसं ओळखता? नियम सांगा. मी लिहिते." त्यांनी अंबाड्यातून पेन्सिल काढली. "खरी घडलेली वेळ सांगा. कोणीतरी 'पडलोय' म्हणालं, आणि तुम्हाला बरोबर कळलं."

मी तोंड उघडलं. मला वेळ आठवली. एकच आठवली. आणि ती बरोबर कळलेली नव्हती.

मुलगा पुढ्यात बसला होता. फोनवर बोट फिरवत होता. मला गप्प बसता आलं असतं. कामोठ्याला गेलो असतो, मऊ भात खाल्ला असता आणि हे माझ्याबरोबर जळून गेलं असतं. पण बाई पेन्सिल धरून बसल्या होत्या, आणि अकरा महिन्यांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"त्या दिवशी सकाळी मी हितंच पडवीत करवतीला कानस लावत होतो," मी म्हणालो. "ही मागच्या दारी धुण्याच्या दगडाशी. मी हाक मारली, चहा टाकतेस का? मागून म्हनाली, पडलेय हो मी."

मुलाचं बोट थांबलं.

"मी म्हनालो, पड, पड. चहा काय, मी नंतर घेईन."

वर मला वाटलं, केवढा मोठेपणा केला. बायकोला सकाळचं आडवं होऊ देणारा आळीत मी एकटाच. उरलेले सगळे दात कानशीनं घासले. करवतीवरून अंगठा फिरवून बघितला. मग मागे गेलो. ती दगडाला लागून पडली होती. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती. बोलणं बंद झालं होतं. इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, केव्हा पडल्या? मी म्हणालो, आत्ताच. मुलाला सांगितलं, आवाजच आला नाही रे. तीन दिवस ती तशीच होती. मग गेली.

"मी खोटं बोललो तुला," मी मुलाला म्हणालो.

"किती वेळ होती आई तिथं?"

"कानस लावून होईस्तवर."

"म्हणजे किती, बाबा?"

"अर्धा तास. जास्तच."

तो उठला आणि घरातून मागच्या बाजूला गेला. बाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली, पण हलत नव्हती. सात महिन्यांत तशी मी पहिल्यांदाच बघितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही कळलं नाही."

"न्हाय."

"किती वर्षं बरोबर होतात?"

"अठ्ठेचाळीस."

"मग याला नियम नाहीच काका. असता तर तुम्हाला माहीत असता." माझी समजूत घालायला म्हणाल्या नाहीत. त्यांना तसलं काही येत नसे. कामाचं बोलत होत्या. "यंत्राला अर्थ शिकवून उपयोग नाही. विचारायला शिकवावं लागेल."

त्यांनी ठळक ओळ खोडली आणि खाली लिहिलं. ते मला पाठ आहे. 'पडलो किंवा पडलोय असं ऐकू आलं तर अर्थ ठरवू नये. उठून दाराची कडी वाजवायला सांगावं. कडी ऐकू आली तर कोणालाही हाक मारू नये. शंभर आकडे होईपर्यंत ऐकू आली नाही, तर तिन्ही हाका.'

मुलगा परत आला. तोंड धुवून आला होता. बाईंच्या हातून वही घेऊन त्यानं ते चार वेळा वाचलं असेल. मला वाटलं, आता म्हणेल की ज्याला बायकोची हाक कळली नाही त्याला एकट्याला कसं ठेवू. म्हणाला असता तर मी कपडे भरले असते. तक्रारीला जागाच नव्हती.

"हे चालू करा मॅडम," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. चपला घातल्या. फाटकाशी गेल्यावर म्हणाला, "रविवारी येतो. एसटीनं येतो."

गाडी आणली नाही, म्हणून मी अजून इथं आहे. तो रविवारी आला, मागच्या दारी दगडाशी बसून चहा प्यायला आणि काही न बोलता गेला. आताशा बोलतो. सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही.

बाई त्यानंतर तीन आठवड्यांनी गेल्या. बाकीचं काम दुसऱ्या कुठल्यातरी बंदरावर होतं. फोन करतात. "यंत्र नीट चालतंय का?" एवढंच विचारतात. माझी तब्येत विचारत नाहीत. मला वाटतं, तीही त्यातच आली असं त्या धरतात.

माझ्या दुपारच्या झोपेचं मात्र वाटोळं झालंय. रोज डोळा लागायला आणि फोन बोलायला एकच गाठ. पडलोय म्हटलं की, काका, उठून दाराची कडी वाजवा. दुसरं काहीतरी सांगून सुटता येईल. बसलोय म्हणावं, वाचतोय म्हणावं. वहिनी तर म्हणते, "भावजी, म्हनायचंच कशाला ते पडलोय?" पण मी पडलोयच म्हणतो.

पुढचं दार कॉटपासून चार पावलांवर आहे. मी मागच्या दाराशी जातो. स्वयंपाकघर ओलांडावं लागतं, शंभर आकड्यांतले सत्तर तिथंच जातात, गुडघे बोंबलतात. कोणतं दार, ते बाईंनी कागदावर लिहिलेलं नाही. 'थोडा' चहा न चालणाऱ्या बाईंच्या हातून एवढं मोठं कसं सुटलं, मला माहीत नाही. त्यांच्या लिहिण्यात मला सापडलेली ही एकच चूक. मी त्यांना अजून कळवलेली नाही.